पंखवाल्यांचे खण

माझी सगळी नोकरी खणांपुढे उभं राहण्यात गेली. आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालडब्यात, मी सॉर्टर होतो. समोर लाकडी खणांची भिंत, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आणि उजवा हात आपोआप चाललेला: कराड, सांगली, मिरज, पुन्हा कराड, कोल्हापूर. डबा डुलायचा, पण हात चुकायचा नाही. निदान आमचं म्हणणं तसं असे. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी हिने पिशवीतली भाजी ओट्यावर ओतली की मी नकळत तिचे ढीग लावायला लागतो. "अहो, मेथी कुठे कोल्हापूरला जायची नाहीये," असं ही म्हणते आणि माझ्या हातातून जुडी काढून घेते.

तर यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात भाची राहायला आली. ती कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. मामाच्या गावाला येण्यामागे पूर्वी आंबे असत. भाचीच्या येण्यामागे किडे होते. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाला कीटकांची पेटी करून द्यावी लागते. वसतिगृहात म्हणे डास आणि झुरळं यांपलीकडे काही मिळत नाही, आणि ते सगळ्यांच्याच पेटीत असल्यामुळे परीक्षक त्यांच्याकडे बघतही नाहीत. आमचं घर साताऱ्याच्या बाहेर, मागे उसाचा फड, पुढे गॅलरीत ट्यूबलाइट. "मामा, रात्री तुझी ती ट्यूब बंद करू नकोस हं," असं तिनं फोनवरच सांगून ठेवलं होतं. विजेचं बिल या कारणासाठी वाढलेलं आमच्या घराण्यात पहिलंच.

तिच्या सामानात काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, थर्माकोल, टाचण्यांची डबी, डांबरगोळ्या, एक जाळं आणि एक रुंद तोंडाची बाटली होती. बाटलीच्या तळाशी औषधात भिजवलेला कापूस. तिला ती 'किलिंग बॉटल' म्हणाली. आईनं, माझ्या आईनं, 'कसली बॉटल?' असं विचारलं तेव्हा भाचीनं 'त्यांना झोप येते त्यात, आजी' असं उत्तर दिलं. आईचं वय शहाऐंशी आहे. ती म्हणाली, "माझ्यापुरती थोडी ठेव."

पहिल्या दिवशी मी मदतीला बसलो आणि मला कळलं की टाचणी टोचण्याचेही नियम आहेत. फुलपाखराला ती छातीच्या मधोमध. भुंगेऱ्याला मात्र उजव्या पंखातून. मध्ये नाही, डाव्या बाजूला तर नाहीच. जगभर भुंगेरे उजवीकडेच टोचतात. मला हे फार आवडलं. आमच्याकडेही शिक्का कुठे मारायचा याचे नियम असत आणि त्यामागचं कारण विचारणारा माणूस नवखा समजला जाई. मी कारण विचारलं नाही.

दुपारी ती झोपली तेव्हा मी तिचं पुस्तक उघडलं. आत सगळे खणच खण. कीटकांचे जवळपास तीस गण, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नावाच्या शेवटी 'प्टेरा'. डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे, कोलिओप्टेरा म्हणजे म्यानासारख्या पंखांचे, लेपिडोप्टेरा म्हणजे खवल्यांच्या पंखांचे, हेमिप्टेरा म्हणजे अर्ध्या पंखांचे. 'प्टेरॉन' हा ग्रीक भाषेतला पंख. हेलिकॉप्टरच्या शेपटाला जो 'प्टर' आहे तोही हाच. तोवर मी हेलिकॉप्टर 'हेली' आणि 'कॉप्टर' असं तोडत होतो. ते 'हेलिको' आणि 'प्टर' असं तोडायचं असतं. आयुष्यभर चुकीच्या जागी फाडलेलं पाकीट.

हे खण पाडणारा मुख्य माणूस स्वीडनचा कार्ल लिनिअस. त्यानं 1735 साली सगळ्या सृष्टीची वर्गवारी करणारं पुस्तक काढलं ते अगदी मोजक्या पानांचं होतं. मग आवृत्तीमागून आवृत्ती ते फुगत गेलं. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात त्याच्या 1758 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. या माणसानं कीटकांपुढे उभं राहून एकच प्रश्न विचारला: तुझे पंख दाखव. तोंड, पाय, खाणं, चावणं, सगळं नंतर. आणखी एक गोष्ट मला समजली आणि तो मला आमच्याच डब्यातला वाटायला लागला. उतारवयात तो टिपणं वहीत लिहायचं सोडून सारख्या मापाच्या सुट्या कागदांवर लिहायला लागला होता, म्हणजे ती हवी तशी मागेपुढे लावता येतात. उपसाला गावात बसून हा मनुष्य सॉर्टिंगच करत होता, फक्त त्याची गाडी हलत नव्हती.

आणि प्रत्येक सॉर्टरसारखा त्याच्याकडेही एक शेवटचा खण होता. ज्याचा पत्ता लागत नाही तो त्यात. त्याचं नाव 'अप्टेरा', बिनपंखी. त्यात त्यानं उवा, पिसवा, कोळी, विंचू, गोम, खेकडा असं सगळं एकत्र कोंबलं होतं. पंख नाहीत ना, मग जा तिकडे! खेकड्याला आणि उवेला एका पिशवीत घालणारा माणूस किती दमलेला असेल, हे पहाटे तीन वाजता मिरजेला उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

त्याच्याही दोन हजार वर्षं आधी ॲरिस्टॉटलनं कीटकांचे पंख मोजले होते. त्यानं एक निरीक्षण करून ठेवलंय: दोन पंखांच्या कीटकाची नांगी पुढे असते आणि चार पंखांच्याची मागे. मी गॅलरीत बसून ताडून पाहिलं. डास, गोमाशी: दोन पंख, हत्यार तोंडाशी. मधमाशी, गांधीलमाशी: चार पंख, हत्यार मागे. बरोबर आहे. अंगावर काय येतंय त्याचे पंख मोजण्याइतका वेळ मिळाला, तर कुठल्या बाजूनं सावध राहायचं तेही कळेल.

आईची वर्गवारी यापेक्षा सुटसुटीत आहे आणि ती पंखांवर अजिबात अवलंबून नाही. तिचे खण चार: चावणारे, ताटात पडणारे, धान्यातले आणि 'जाऊ दे रे त्याला'. डास, ढेकूण, आग्या मोहोळाच्या माश्या पहिल्यात. चिलटं आणि घुंगुरटी दुसऱ्यात. गव्हातले टोके आणि रव्यातल्या जाळ्या तिसऱ्यात. चौथ्या खणात फुलपाखरं, चतुर, उडणाऱ्या टाचण्या, काजवे आणि कुंभारीण. कुंभारीण ही खरं म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातली. पण तिनं खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधायला घेतलं की आमच्याकडे ते पाडायचं नाही, घरात पाळणा हलणार असतो. भाचीनं सांगितलं की पाळणा हलतोच, फक्त कुंभारणीचा. ती मातीच्या कोठडीत सुरवंट किंवा कोळी आणून ठेवते. मेलेले नाही, नांगी मारून लुळे केलेले, म्हणजे ताजे राहतात. तिथंच अंडंही घालते आणि दार लिंपून घेते. बाळ जागं झालं की त्याला डबा तयार. आई हे ऐकून गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण बांधते किती गुळगुळीत." कुंभारीण चौथ्याच खणात राहिली.

पुस्तकानं मला खरं गोंधळात टाकलं ते पुढे. आता बिनपंखी नावाचा तो भरताड खण मोडलाय. कोळी, खेकडा, विंचू केव्हाच दुसऱ्या गावाला गेले. पण ऊ आणि पिसू यांना नेऊन टाकलंय कुठे, तर पंखवाल्यांत, ढेकणाच्या शेजारी! मी भाचीला उठवलं. "अगं, ढेकणाला पंख कुठे असतात?"

"नसतात. पण त्याच्या पूर्वजांना होते, मामा. त्यानं नंतर सोडले."

म्हणजे हे आमच्या गावच्या इनामदारांसारखं झालं. वतन गेलं, जमीन कुळांकडे गेली, वाड्याची एक भिंत तेवढी उभी आहे, पण आडनाव इनामदार. ढेकणाच्या पाठीवर अजूनही पंखांच्या जागी दोन छोट्या चकत्या असतात म्हणे. ती त्याची उरलेली भिंत. उलट पुस्तकांत आणि जुन्या कागदांत सापडते ती चंदेरी कसर, तिच्या घराण्यात कधीच कुणी उडालेलं नाही. ती मूळची पायी चालणारी. ती या पंखवाल्यांच्या यादीत येत नाही. आमच्या लग्नाचा अल्बम तिनं खाल्ला, पण पूर्वजांबद्दल तिनं कधी बढाई मारलेली नाही.

माशीचंही तसंच. तिला दोनच पंख, म्हणून ती द्विपंखी. पण मागचे दोन तिनं फेकून दिले नाहीत, त्यांच्या दोन बारीक घुंड्या केल्या. उडताना त्या पंखांसारख्याच थरथरतात आणि तिला आपला तोल कुठे चाललाय ते सांगतात. म्हणून ती छताला उलटी उतरू शकते आणि म्हणून आपला हात नेहमी उशिरा पोचतो. माशीचं पान उघडलंच होतं म्हणून मी भाचीला लहानपणापासूनची एक शंका विचारली: काम अडलं की माशी शिंकली असं आपण म्हणतो, ती शिंकते कुठून? तिनं गंभीरपणे विचार केला. माशीला नाकानं श्वास घेता येत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना छिद्रं असतात, त्यांतून हवा जाते. म्हणजे शिंकायचं ठरवलंच, तर तिला कुशीतून शिंकावं लागेल. सरकारी कामं इतकी का अडतात याचा थोडा उलगडा झाला.

डासाबद्दलही थोडं. तो कानाशी गातो ते गळ्यानं नव्हे, पंखांनी. सेकंदाला चार-पाचशे वेळा ते हलतात. एडिस डासांचे नर आणि मादी जवळ आले की दोघं आपापल्या पंखांचा सूर किंचित बदलून एकमेकांशी जुळवून घेतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलंय. रात्री दोन वाजता आपण टाळी वाजवतो ती बहुतेक चुकीच्या जागी.

पाऊस अजून आला नव्हता, पण छत्र्या माळ्यावरून खाली आल्या होत्या. माझी एक जुनी, लांब दांड्याची, आणि हिची तीन घडीची, पर्समध्ये मावणारी. त्या दोघी शेजारी ठेवून भाचीनं मला पंखवाल्यांतला सगळ्यात मोठा फरक समजावला. चतुर आणि टाचण्या हे जुन्या बांधणीचे. त्यांना पंख मिटून पाठीवर आडवे ठेवताच येत नाहीत. टाचणी ते निदान वर उभे जोडून धरते, चतुर बिचारा बसला तरी हात पसरूनच बसतो, बसमध्ये दोन जागा अडवणाऱ्या माणसासारखा. याच जुन्या धाटणीचे, चतुराचे लांबचे नातलग तीस कोटी वर्षांपूर्वी होते, त्यांचे पंख दोन हात पसरलेल्या लहान मुलाएवढे, जवळजवळ पाऊण मीटर. तेव्हा हवेत कीटकांखेरीज दुसरं कुणी नव्हतंच. पक्षी नाहीत, वटवाघळं नाहीत. आभाळ पुरतं मोकळं होतं, मग छत्री मिटायची कशाला?

मग कुणीतरी घडी घालायला शिकलं. पंख मागे वळवून पाठीवर चपटे ठेवता आले, की फटीत शिरता येतं, सालीखाली, दगडाखाली, पिठाच्या डब्यात. भुंगेऱ्यांनी तर पुढच्या पंखांची टणक झाकणं केली आणि उडायचे नाजूक पंख आत घडी घालून ठेवले. आता त्यांच्या ज्ञात जातीच सुमारे चार लाख आहेत. प्राण्यांच्या ज्ञात जातींतला दर चौथा भुंगेरा. काजवाही त्यांच्यातलाच, आणि आईच्या गव्हातला टोकाही. मृगाच्या तोंडावर भंडारदऱ्याला मोटारी भरभरून लोक जो उजेड बघायला जातात आणि जो टोका पाहिल्यावर आमची ही चाळण शोधायला जाते, ते दोघं एका गणाचे. तिसरा भाऊ हुमणीचा भुंगेरा. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी तो जमिनीतून वर येतो, कडुनिंबावर, बाभळीवर जमतो आणि त्याची पोरं जमिनीखाली आमच्या मागच्या फडातल्या उसाची मुळं खातात. भाचीनं शेजारच्या आबांना झाडाच्या फांद्या हलवून ते गोळा करायचा सल्ला दिला. आबा म्हणाले, "बाळ, मी सत्तर पावसाळं हलवतोय."

चतुराची थट्टा केली म्हणून त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लहानपणी आम्ही त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. आज आठवलं की वाईट वाटतं, आणि भाचीनं सांगितल्यावर जास्तच वाटलं. पावसाळ्याच्या अखेरीला माळावर जे पिवळसर चतुर थव्यानं घिरट्या घालतात, त्यांच्यातले कित्येक पुढे समुद्रावर निघतात. ऑक्टोबरात ते मालदीवला पोचतात. तिथं राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या नोंदी ठेवल्या आणि 2009 साली मांडलं की हे भारतातून वाऱ्याबरोबर निघून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात आणि त्यांची पुढची पिढी परत येते. वजन एका ग्रॅमपेक्षाही कमी. हा आफ्रिकेचा मेल, आणि आम्ही त्याला दोरा बांधून अंगणातच थोपवत होतो!

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. आला तो धो धो, आणि तासाभरात थांबला. मातीचा वास, बेडकांचा ओरडा, आणि मग ट्यूबखाली ती आली. वाळवीची पाखरं. आधी दोन-चार, मग मूठ मूठ, मग ट्यूब दिसेनाशी झाली. आईनं सवयीनं "दिवे घालवा रे" असं ओरडून परातीत पाणी मागितलं. भाचीनं "आजी, दिवे नको घालवू" असं ओरडून बाटली मागितली. ही मधे उभी राहून आमटीवर झाकण ठेवत होती. त्याच गडबडीत एक झुरळ उडालं. बसलेल्या झुरळाला मी चपलेनं मारतो. उडणाऱ्या झुरळापुढे माझं काही चालत नाही, हे इथं कबूल करून टाकतो. चालणारं झुरळ किडा असतं; उडालं की ते स्वतःचे विचार असलेलं काहीतरी होतं.

मी आतून, दाराच्या फटीतून, भाचीला विचारलं की ही सगळी दिव्यावर एवढी झेप का घेतात. पतंगाच्या प्रेमावर आपल्याकडे आणि उर्दूत किती शाई गेलीय! ती म्हणाली, झेप घेतच नाहीत. 2024 च्या सुरुवातीला एक संशोधन आलंय, वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेलं. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उडणारा कीटक उजेडाकडे पाठ ठेवतो. त्यानं त्याला वर-खाली कळतं. आता मधेच एक ट्यूब पेटली, की तो तिच्याकडे पाठ करतो, त्यानं कलतो, वळतो, पुन्हा पाठ करतो आणि तिच्याभोवती फिरत राहतो. म्हणजे शेकडो वर्षं आपण ज्याला समर्पण समजत होतो, तो पाठ फिरवण्याचा प्रयत्न होता. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला ठाऊक होतं," आणि आमटी आत नेली.

सकाळी गॅलरीत पंखांचा थर. पाकळ्यांसारखे, पारदर्शक, सगळे एका मापाचे. आई खराट्यानं ते लोटत होती आणि भाची खाली बसून रडायच्या बेतात होती, कारण बाटलीतल्या तिच्या पाखरांनीही रात्रीतून पंख टाकले होते. पेटीत पंखवाली वाळवी हवी, आणि तिच्याकडे पंख वेगळे, वाळवी वेगळी. वाळवीच्या पंखांना मुळाशी एक ठरलेली रेघ असते. जमिनीवर उतरलं की ते तिथून आपोआप मोडतात. मुंगीची राणी तर स्वतःचे पंख स्वतःच काढून टाकते. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. भाची म्हणते, ते नराच्या बाबतीत खरं. राणीच्या बाबतीत पंख गळले की संसार सुरू होतो आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालतो.

मी पुस्तकात वाळवीचा खण शोधायला गेलो. पूर्वी तिला स्वतःचा खण होता, आयसोप्टेरा, चारही पंख सारखे असणारे. त्याच्याही आधी लिनिअसनं तिला त्या भरताड बिनपंख्यांत टाकलं होतं, खेकड्याशेजारी; आणि झुरळाला भुंगेऱ्यांत. 2007 साली काही संशोधकांनी रक्ताची नाती तपासून मांडलं की वाळवीचा वेगळा गण ठेवण्यात अर्थ नाही, ती झुरळांच्या कुळातली आहे. म्हणजे लाकूड खाणारी, कुटुंबवत्सल झुरळं. तीनशे वर्षांच्या आत तीन खण! इतके खण बदललेलं पत्र मी नोकरीत एकदाच पाहिलं होतं. त्यावर नुसतं 'आबा, मु. पो. वडगाव' एवढंच लिहिलेलं होतं.

"हे झुरळ आहे," मी आईला सांगितलं. तिनं खराटा थांबवला, ढिगाकडे बघितलं आणि नव्या जोमानं लोटायला लागली.

तेवढ्यात भाचीनं माझा हात धरला. भिंतीच्या कडेनं दोन वाळव्या चालल्या होत्या, पंख टाकलेल्या, एकीच्या मागे एक, मधे केसाएवढंही अंतर नाही. पुढे बाई आणि मागे बुवा, असंच असतं म्हणे. घर ती शोधते, तो फक्त मागं सुटत नाही. पुढची थांबली की मागचा थांबे, ती वळली की तो वळे. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. आईच्या तोंडून "जाऊ दे रे त्यांना" निघून गेलं, आणि मगच तिला कळलं की ती कुणाबद्दल बोलतेय.

निवृत्तीनंतर मी गावच्या सुताराकडून हौसेनं एक सागवानी कपाट करून घेतलंय. अठ्ठेचाळीस खणांचं, अगदी डब्यातल्यासारखं. त्यात बिलं, पावत्या, औषधं आणि जुनी पत्रं गावांच्या नावाप्रमाणे लावलेली आहेत. ती दोघं उंबरा ओलांडून आत आली, चटईला वळसा घालून गेली, आणि त्या कपाटाच्या खाली शिरली. मी चप्पल हातात घेऊन गुडघ्यावर बसलो, पण नेमक्या कुठल्या खणाकडे गेली ते काही दिसलं नाही.